रॅपिड रिस्पॉन्स मेकॅनिझम: तक्रारीची खिडकी चांगली, पण उघडते एकाच बाजूला

रॅपिड रिस्पॉन्स मेकॅनिझम म्हणजे कारखान्यात कामगारांचा युनियनचा हक्क मोडला, तर सीमेपलीकडून झटपट दाद मागायची यंत्रणा; ती अमेरिका-मेक्सिको-कॅनडा व्यापार करारात आहे. तिला पाचपैकी साडेतीन तारे. नाफ्ता या त्याआधीच्या व्यापार कराराची जुनी तक्रारसेवा वापरलेल्या युनियन कदाचित जास्त देतील. १९९४ मध्ये नाफ्ता लागू झाला तेव्हा कामगारांसाठी एक पूरक करार जोडला होता. तक्रार शेजारच्या देशाच्या कार्यालयात करायची. टीमस्टर्स आणि यूई या अमेरिकी युनियननी हनीवेल आणि जनरल इलेक्ट्रिकच्या मेक्सिकोतल्या कारखान्यांवर पहिल्याच वर्षी तक्रारी केल्या. पण युनियन बांधण्याचा हक्क मोडला, तर शेवटची पायरी म्हणजे मंत्र्यांची आपसात चर्चा. दंडापर्यंत फक्त बालमजुरी, किमान वेतन आणि सुरक्षितता हे विषय जाऊ शकत, आणि तिथवर एकही प्रकरण पोचलं नाही. फायदा झाला तो वेगळाच: तक्रार सीमेपलीकडे द्यायची असल्यानं ज्या करारानं कामगारांना एकमेकांसमोर उभं केलं, त्याच्याच कागदांवर दोन्हीकडच्या युनियनना एकत्र बसावं लागलं.

१ जुलै २०२० पासूनच्या नव्या करारात (यूएसएमसीए) तक्रार थेट एका कारखान्यावर होते. अर्ज अमेरिकेच्या श्रम खात्याकडे जातो. ३० दिवसांत छाननी. मग मेक्सिकोला चौकशी करणार की नाही हे सांगायला १० दिवस, आणि चौकशीला ४५. दरम्यान अमेरिका त्या कारखान्याच्या मालाचा सीमाशुल्काचा अंतिम हिशेब रोखून धरू शकते. माल आत येतो, पण नंतर किती शुल्क भरावं लागेल ते कळत नाही. मालक हलतो तो इथे.

अर्जात कारखान्याचा पत्ता, माल सीमापार जातो याचा पुरावा, तारीखवार घटना आणि मेक्सिकोच्या श्रम कायद्यातलं मोडलेलं कलम हवं. नुसता ‘पगार कमी, ओव्हरटाइम फार’ असा अर्ज इथे चालत नाही. विषय दोनच: संघटनेचं स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटी. म्हणून पॉकेट युनियननं, म्हणजे मालकाच्या खिशातल्या युनियननं, कामगारांना न विचारता केलेल्या कराराची प्रत, मतदानातले घोटाळे, कामावरून काढल्याची पत्रं हेच खरं भांडवल. ते गोळा करायला आत स्वतंत्र युनियन लागते. बाहेरच्या मोठ्या महासंघाच्या लेटरहेडवर काम भागत नाही.

मेक्सिकोतल्या सिलाओचा जनरल मोटर्सचा कारखाना हे सेवेचं उत्तम उदाहरण. जुना सामूहिक करार ठेवायचा की नाही यावरचं एप्रिल २०२१ चं मतदान मतपत्रिका नष्ट झाल्यानं थांबलं. ऑगस्टच्या फेरमतदानात कामगारांनी जुना करार फेटाळला, फेब्रुवारी २०२२ मध्ये सिंतिया ही नवी युनियन निवडून आली आणि मे महिन्यात ८.५ टक्के पगारवाढ मिळाली.

आता तक्रारी. मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रासच्या व्हीयू मॅन्युफॅक्चरिंग या कारखान्यावर दोनदा प्रकरण झालं, सुधारणेचा आराखडाही ठरला, आणि २०२३ मध्ये कारखानाच बंद पडला. मालक गाशा गुंडाळून निघाला तर सीमाशुल्काची धमकी कुणाला द्यायची? मेक्सिकोतल्या सान मार्तिन खाणीचा संप २००७ पासूनचा. २०२४ मध्ये करारातल्या वाद-निवारण पॅनेलनं प्रकरण अधिकारकक्षेबाहेरचं ठरवलं. जुनी दुखणी इथे नेऊ नयेत.

दीड तारा कापला तो मात्र असमानतेसाठी. अमेरिकी कारखान्यावर ही यंत्रणा चालवायची, तर तिथल्या श्रम मंडळाचा लागू आदेश आधीच असावा लागतो. मेक्सिकोच्या कारखान्याला अशी अट नाही. मेक्सिकोची युनियन अमेरिकेतल्या अलाबामाच्या कामगारांसाठी अर्ज करू पाहील, तर तिला खिडकी जवळजवळ बंदच दिसेल.