घरच्या नॅसचा पंखा बदलला: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यानंतर

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका. दोन हार्ड डिस्कच्या नॅसमधला (नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेलं, सगळ्यांच्या फायली साठवणारं यंत्र) मूळचा ९२ मिमीचा पंखा काढून त्या जागी नॉक्टुआ कंपनीचा एनएफ-ए९ एफएलएक्स हा पंखा बसवला. खरखर गेली ती गेलीच, परत आलेली नाही. पण यंत्र मुकं झालं का? नाही. पंखा गप्प झाल्यावर त्याच्याआड दडलेले डिस्कचे आवाज ऐकू यायला लागले, आणि त्यावर कुठल्याही पंख्याचा इलाज चालत नाही. दोन हजारांच्या आसपास खर्च करण्याआधी एवढं डोक्यात असू द्या.

आमचं नॅस हॉलमध्ये, टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात असतं. राउटर तिथेच, त्यामुळे जागेला फारसा पर्याय नव्हता. त्यावर सगळ्यांचे फोटो, कॅसेटवरून उतरवलेली आजोबांची कीर्तनं आणि दोघांच्या लॅपटॉपचे बॅकअप. सुरुवातीला ते तिथे आहे हेही कुणाच्या लक्षात नसायचं. मग हळूहळू खरखर सुरू झाली. आधी फक्त यंत्र चालू करताना, मग येता-जाता, मग चोवीस तास. आई हॉलमध्ये झोपते. "अरे, ते तुझं खोकं रात्री तरी बंद करत जा की," हे तिचं म्हणणं रास्तच होतं, पण बॅकअप नेमके रात्रीच चालतात.

पंखा मागवण्याआधी आवाज नक्की कुणाचा आहे हे पाहणं फार महत्त्वाचं, आणि बहुतेक जण नेमकं तेच टाळतात. मी केलं ते असं: सेटिंगमध्ये जाऊन पंख्याचा मोड शांत वरून पूर्ण वेगावर नेला, पुन्हा खाली आणला. खरखरीचा सूर वेगाबरोबर चढला-उतरला, म्हणजे पंखाच. वेग बदलूनही जो आवाज जागचा हलत नाही, तो डिस्कचा. पंख्याच्या आवाजातही दोन जाती आहेत. वाऱ्याचा सूंऽऽ असा सपाट आवाज वेग कमी केला की पुष्कळ उतरतो. बेअरिंगची खरखर मात्र कमी वेगावर उलट जास्त टोचते, कारण तिला झाकायला वाराच उरत नाही. आमची दुसऱ्या जातीची होती.

स्वस्तातल्या पंख्यांमध्ये बहुधा स्लीव्ह बेअरिंग असतं: धातूची एक बारीक नळी, तिच्यात दांडा, मधे तेलाचा थर. आडवा दांडा वर्षानुवर्षं उष्ण हवेत फिरला की तेल आटतं, नळी एका बाजूने झिजते आणि दांडा डुगडुगायला लागतो. यावरचा घरगुती उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. पंख्याच्या मागचा स्टिकर अर्धा सोलायचा, खालचं रबरी बूच असेल तर टोकदार काहीतरी घेऊन उचकटायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा, पाती बोटाने फिरवून तेल मुरू द्यायचं. तेही करून पाहिलं. स्टिकरखाली तेल कसलं, काळपट चिकट राप होता. पुढचे काही आठवडे शांतता, मग खरखर पुन्हा हजर. झिजलेली नळी तेलाने भरून येत नाही. नवा पंखा येईपर्यंत वेळ मारून न्यायला हा उपाय ठीक.

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत ९२ मिमी मागितला की समोर ८० येतो, नाहीतर १२०. "साहेब, हाच बसतो सगळ्यांना," असा दिलासाही मिळतो. बसत नाही. ९२ च्या पंख्यात स्क्रूच्या दोन भोकांमधलं अंतर ८२.५ मिमी असतं, ते जुळलं पाहिजे. जाडीही बघा: माझा २५ मिमीचा होता, काही यंत्रांत पातळ असतो. शेवटी ऑनलाइनच मागवला.

एफएलएक्स घेण्याचं कारण कनेक्टर. पंख्याच्या तीन पिनांत एक ग्राउंड, एक १२ व्होल्ट आणि एक वेग कळवणारी. चार पिनांच्या पीडब्ल्यूएम पंख्यात चौथी पिन वेगाचा हुकूम आणते. माझ्या यंत्रात तीनच पिना, म्हणजे बोर्ड व्होल्टेज कमी-जास्त करून वेग सांभाळतो. एफएलएक्स तीन पिनांचाच आहे, थेट लागतो. त्याचा कमाल वेग १६०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे. पंख्याच्या खोक्यात चार स्क्रू, रबरी खुंट्या, जोडवायर आणि वेग उतरवणारे दोन अ‍ॅडॉप्टर येतात. रंग चहाबिस्किटी. यंत्राच्या पाठीला असल्यामुळे कुणाला दिसत नाही, हे बरंच आहे.

बसवायला अर्धा तास पुरतो, पण क्रम सोडू नका. बॅकअप घ्या, यंत्र मेन्यूतून बंद करा, मग प्लग काढा. डिस्क काढताना पहिली-दुसरी असं पेन्सिलने लिहा. माझ्या यंत्राला मागे दोन स्क्रू आहेत, ते काढले की खोकं सरकून दोन भागांत उघडतं. वॉरंटी शिल्लक असेल तर तिच्या अटी आधी वाचा. जुना पंखा सोडवण्याआधी वायर कुठून कशी वळवली आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा. पात्यांत अडकणारी वायर हा नव्या आवाजाचा हमखास स्रोत. कनेक्टर वायरला धरून ओढू नका, नखाने कडेने सैल करा. पंख्याची स्टिकरवाली, आडव्या काड्यांची बाजू म्हणजे हवा बाहेर पडण्याची बाजू, आणि नॅसमध्ये ती मागे, बाहेरच्या अंगाला हवी. उलटा लावला तर पंखा गरम हवा आत ढकलतो आणि समोरून आलेल्या गार हवेशी भांडत बसतो. रबरी खुंट्या ओढून बसवताना बोटं लाल होतात. मला त्या फायद्याच्या वाटल्या, पण स्क्रूंनीही काम भागतं.

आता अ‍ॅडॉप्टरची गोष्ट. हा वायरीच्या मधे लावायचा छोटा तुकडा, आत एक रोधक, त्यामुळे पंख्याला व्होल्टेज कमी मिळतं. दोन्हींतला जास्त वेग उतरवणारा अ‍ॅडॉप्टर लावला की कमाल वेग १६०० वरून १०५० वर येतो. मोह होतोच. लावून पाहिला. शांत मोडमध्ये बोर्ड आधीच कमी व्होल्टेज देत होता, त्यात अ‍ॅडॉप्टरने आणखी कापलं. पंखा इतका मंद झाला की यंत्राने तो बंद पडला असं ठरवलं आणि बीप-बीप सुरू केलं. वर ईमेल. अ‍ॅडॉप्टर काढला, बीप थांबली. नॅस पंख्याकडून किमान वेगाची अपेक्षा धरतं. त्याखाली गेलात तर शांततेऐवजी भोंगा मिळतो. तेव्हा वेग सेटिंगमधूनच उतरवा. त्याचा लाभही मोठा आहे. पंख्याचा आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घाताने बदलतो, म्हणजे वेग वीस टक्के उतरला तर पाच डेसिबलच्या आसपास घट. हवा मात्र वीसच टक्के कमी होते. सौदा वाईट नाही.

तापमानाचं काय? बसवल्यावर फेब्रुवारीत डिस्क ३६-३७ अंशांवर होत्या, त्याने काहीच सिद्ध होत नाही. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. दुपारी हॉलचं तापमान ३५ च्या आसपास, टीव्ही युनिटचा कप्पा त्याहून गरम, आणि डिस्क शांत मोडमध्ये ४७ पर्यंत गेल्या. जुन्या पंख्यापेक्षा दोन अंश जास्तच, कारण जुना जोरात फिरायचा. माझ्या डिस्कची मर्यादा ६५ आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला होता, त्यातही मधल्या पट्ट्यातलं तापमान आणि डिस्क मरणं यांचा ठळक संबंध दिसला नव्हता. फार वरच्या तापमानालाच थोडा फरक होता. तरी ४७ पाहून मला बरं वाटलं नाही. कप्प्याची मागची प्लायवूडची फळी काढून टाकली, तीन अंश उतरले. पंखा बदलूनही जे झालं नव्हतं ते फळीने केलं. हवा बाहेर जायला वाटच नसेल तर पंखा तीच हवा पुन्हा पुन्हा ढवळतो.

पावसाळ्यात तक्रार काही नाही. शेजारी इमारत उभी राहते आहे, त्यामुळे धूळ बारमाही. समोरच्या जाळीवर राखाडी गादी साचते. महिन्याकाठी रंगकामाच्या मऊ ब्रशने झटकतो. ब्लोअर मारणार असाल तर यंत्र बंद करून आणि पाती बोटाने धरून मारा. मोकळी सोडली तर ती वेड्यासारखी फिरतात, बेअरिंगवर ताण येतो आणि मोटर उलट वीज तयार करते ती वेगळीच.

आता उरलेला आवाज. बसवल्याच्या पहिल्या रात्री मी खूश, आणि आई म्हणाली, "खरखर गेली रे, पण आता हुंऽऽ हुंऽऽ करतंय." बरोबर होतं तिचं. माझ्या दोन्ही डिस्क ७२०० आरपीएमच्या, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. दोघींचा वेग केसभर वेगळा असला की तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित बेसूर असताना जशी लाट उठते, तशी गुणगुण वर-खाली होत राहते. त्या खाली युनिटची पोकळ फळी, ती हा सूर आणखी मोठा करते. जुन्या पंख्याच्या गोंगाटात हे सगळं बुडून जात होतं. जुन्या योगा मॅटचे चार चौकोन कापून पायांखाली ठेवले आणि लाट निम्म्याहून जास्त बसली. फोटोंची छाननी चालू असते तेव्हाचा डिस्कचा कटकट आवाज आहे तसाच आहे. ती छाननी आता दुपारी लावली आहे.

कुणी घ्यावा? खरखर वेगाबरोबर बदलत असेल, तर डोळे मिटून घ्या. कुठल्याही चांगल्या बेअरिंगचा पंखा चालेल, नॉक्टुआच हवा असं नाही, फक्त पिना, माप आणि किमान वेग जुळवा. यंत्र नवं असेल आणि मुळातच गुणगुणत असेल, तर पंख्याचे पैसे राखून ठेवा. पायांखाली रबर घाला, जमलं तर पुढची डिस्क ५४०० ची घ्या. तेही पुरलं नाही तर सरळ नेटवर्कची लांब केबल टाकून यंत्र दुसऱ्या खोलीत हलवा. केबल १०० मीटरपर्यंत चालते, तेवढं मोठं घर पुण्यात कुणाचं असतं? फक्त माळ्यावर टाकू नका. मेमध्ये तिथे काय तापतं ते एकदा दुपारी हात लावून बघा.