बोन्सायसाठी प्लास्टिकचं मिनी ग्रीनहाऊस: एका हिवाळ्याचा अनुभव, 5 पैकी 2 स्टार

न्यू जर्सीत राहतो, बॅकयार्डमध्ये एक जुनिपर आणि एक जपानी मेपल, दोन्ही कुंडीतले. मागच्या नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन ते चार कप्प्यांचं, झिपवालं, पारदर्शक कव्हरचं ग्रीनहाऊस मागवलं, चाळीसेक डॉलरला. जोडायला अर्धा तास लागला, पाइप जरा हलके वाटले पण म्हटलं चालतंय.

आधी एक सांगतो, कारण आईने पण नाशिकहून फोनवर हेच विचारलं की अरे एवढ्या बर्फात बाहेर कशाला ठेवलंस, घरात घे की. वडाचं बोन्साय असतं तर घेतलंच असतं, ते माझं खिडकीतच आहे. पण जुनिपर, मेपल ही थंड प्रदेशातली झाडं, त्यांना हिवाळ्यात झोप लागते आणि हीटरच्या उबेत ती झोप मोडली की हळूहळू खंगतात. फांद्या थंडी सोसतात, लोचा मुळांचा असतो. जमिनीतल्या झाडाला मातीचं पांघरूण असतं, कुंडीतल्या मुळांना मात्र चारी बाजूंनी गारठा. म्हणून हा तंबू घेतला.

आणि तिथेच फसलो. आत मिन-मॅक्स थर्मामीटर ठेवला होता (ही मात्र पैसा वसूल वस्तू, नक्की घ्या), तर फेब्रुवारीतल्या एका स्वच्छ उन्हाच्या दिवशी रात्रीचं किमान उणे 9 आणि दुपारचं कमाल 24! सेल्सिअस! बाहेर शून्याच्या आसपास आणि आत पुण्याचा डिसेंबर. रात्री तर आतबाहेर जेमतेम दोन डिग्रीचा फरक, म्हणजे जिथे मदत हवी तिथे काहीच नाही. मेपलला वाटलं वसंत आला, फेब्रुवारी संपायच्या आत कळ्या फुगल्या, लालसर टोकं बाहेर आली आणि मार्चच्या कडाक्यात सगळी काळी पडली, हात लावला की चुरा. झाड वाचलं, पण पुन्हा पालवी फुटायला मे उजाडला.

दुसरं म्हणजे वारा. जानेवारीतल्या वादळात अख्खं आडवं झालं, जुनिपरच्या कुंडीचा कोपरा उडाला. खालच्या कप्प्यात विटा ठेवायच्या हे त्यानंतर सुचलं. तिसरं, आत पाऊस-बर्फ काही पोचत नाही आणि आपण विसरतो, माती कोरडीठाक. माती गोठलेली नसेल तेव्हा थोडं थोडं पाणी घालावंच लागतं. जुनिपर तपकिरी-जांभळट झालं म्हणून मी घाबरलेलो, पण तो थंडीतला रंग, मार्च-एप्रिलमध्ये परत हिरवं झालं.

या वर्षी कुंड्या घराच्या उत्तरेच्या भिंतीलगत, जिथे ऊन येत नाही, थेट जमिनीवर ठेवल्यात आणि काठापर्यंत मल्च (लाकडाच्या सालीचा वगैरे भरड भुगा) भरलंय. खर्च दोन पोती मल्च. वर बर्फ पडला तर झटकत नाही, तेच पांघरूण, फक्त फांद्या फार वाकल्या तर हलकेच काढतो. मल्चमध्ये उंदीर शिरून साल कुरतडतात म्हणून खोडाभोवती बारीक जाळी गुंडाळलीय. थर्मामीटरची काडी मल्चमध्ये खुपसून ठेवलीय, आकडा दिवसभर फारसा हलतच नाही.

दोन स्टार का? एप्रिलमध्ये त्याच ग्रीनहाऊसमध्ये टोमॅटो-मिरचीची रोपं झक्कास आली. एक स्टार त्यांचा, एक झिपचा, ती अजून शाबूत आहे.