पायथॉनसाठी रफ लिंटर: काही महिन्यांच्या वापरानंतरचे मत

अनेकांच्या हातांतून गेलेल्या एका जुन्या पायथॉन प्रोजेक्टवर मी काही महिन्यांपासून रफ हा लिंटर, म्हणजे कोड न चालवताच त्यातल्या चुका दाखवणारे साधन, वापरत आहे. २०२२ मध्ये आलेले हे साधन रस्ट भाषेत लिहिलेले असून फ्लेक८ (चुका शोधणारे), आयसॉर्ट (इम्पोर्ट क्रमाने लावणारे) आणि ब्लॅक (कोडची मांडणी नीट करणारे) या तिघांचे बहुतेक काम ते एकटेच करते. त्याच्या वेगाचे कौतुक सगळेच करतात आणि ते रास्तही आहे; पण बसवले आणि काम झाले, अशा समजुतीत कोणी राहू नये. नियम आठशेहून अधिक आहेत, तरी आमच्या आवृत्तीत न वापरलेले इम्पोर्ट, कुठेच न सापडणारी नावे असे मोजकेच नियम आपोआप चालू होते. बाकीचे स्वतः निवडून चालू करावे लागतात.

मला सर्वाधिक उपयोग झाला तो बगबेअर या, हमखास बग ठरणारे कोड पकडणाऱ्या नियमांच्या गटाचा, त्यातही बी००६ या नियमाचा. फंक्शनच्या पॅरामीटरला डीफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट दिली, तर ती दर कॉलला नव्याने तयार होत नाही. फंक्शनची व्याख्या चालते तेव्हा एकदाच तयार होते, आणि पहिल्या कॉलमध्ये तिच्यात घातलेली नोंद दुसऱ्या कॉलला आयतीच हजर असते. टेस्टमध्ये फंक्शन एकदाच कॉल होत असेल तर टेस्ट बिनबोभाट पास होते. सर्व्हर बराच वेळ चालल्यावर एका वापरकर्त्याच्या यादीत दुसऱ्याच्या नोंदी दिसू लागतात आणि सगळे जण डेटाबेस तपासत बसतात. डीफॉल्ट म्हणून नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) ठेवायचा आणि लिस्ट फंक्शनच्या आत तयार करायची, एवढाच यावर उपाय आहे. रफ मात्र ही दुरुस्ती असुरक्षित मानतो आणि स्पष्ट परवानगीशिवाय करत नाही, कारण टिकून राहणाऱ्या त्या लिस्टवर कोणी मुद्दाम विसंबलेलेही असू शकते. ही सावधगिरी मला पटली.

जुन्या कोडवर सगळे नियम एकदम लावल्यास इशाऱ्यांचा एवढा ढीग पडतो की कोणीच तो वाचत नाही. म्हणून आधी फक्त फॉरमॅटिंगचा वेगळा कमिट करावा आणि त्याचा हॅश (ओळख क्रमांक) गिटच्या ब्लेममधून, म्हणजे कोणती ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणाऱ्या आज्ञेतून, वगळायच्या यादीत टाकावा; गिट २.२३ पासून ही सोय आहे. नंतर एकेक गट चालू करावा. सध्याचे इशारे नोक्वा (noqa) शेऱ्याने, म्हणजे ‘या ओळीवर इशारा नको’ अशा कॉमेंटने, गप्प करण्याची सोयही आहे, पण असे शेरे एकदा पडले की तिथेच मुक्काम ठोकतात. निरुपयोगी झालेले नोक्वा शोधणारा आरयूएफ१०० हा नियम त्यामुळे पहिल्या दिवसापासून चालू ठेवावा.

फंक्शनमधले फाटे मोजून त्याची गुंतागुंत ठरवणाऱ्या सी९०१ या नियमाबद्दल मी तितका उत्साही नाही. त्याची मर्यादा मुळात १० असते, आणि ती ओलांडली की लोक फंक्शनचे सरळ दोन तुकडे करून त्यांना ‘भाग एक’, ‘भाग दोन’ छापाची नावे देतात. आकडा खाली येतो, वाचणाऱ्याचा त्रास तसाच राहतो. (रिव्ह्यूमध्ये असा कोड मी परत पाठवतो.)

टाइप तपासणे हे रफचे कामच नाही; त्यासाठी आम्ही मायपाय वेगळे चालवतो. स्वतःचे प्लगइन लिहून जोडण्याची सोयही रफमध्ये नाही. आमच्या प्रोजेक्टपुरते दोन-तीन खास नियम आहेत, आणि केवळ त्यांच्यासाठी फ्लेक८ अजून सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांमध्ये) ठेवावे लागले आहे.