५०/३४ आणि ११-३४: नीसच्या चढांसाठी बदललेले गिअर, आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या नोव्हेंबरात सायकलचे गिअर बदलले: पुढच्या दोन चक्रांना (चेनरिंग) ५० आणि ३४ दाते, मागच्या चक्रांच्या संचात (कॅसेट) ११ पासून ३४ दात्यांपर्यंत. पुढे दाते कमी आणि मागे जास्त, तितका गिअर हलका. जूनमध्ये त्याच गिअरवर फ्रान्समधल्या नीसची फुल डिस्टन्स ट्रायथलॉन पूर्ण केली. सराव, शर्यत आणि नंतरच्या राइड धरून या जोडणीवर ५,२०० किलोमीटर झाले आहेत. घेताना मला हवी ती माहिती मराठीत कुठेच सापडली नव्हती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माझी परिस्थिती, कारण गिअरचा सल्ला माणसाचं वजन आणि ताकद बाजूला ठेवून देताच येत नाही. वय ४४, वजन ६० किलो, एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी ताकद) १८० वॉट. सायकल, बाटल्या, पंक्चरचं सामान धरून चढावर एकूण ७२ किलो वर न्यायचे. सायकल साधी रोड बाइक, वर क्लिप-ऑन एरोबार (पुढे झुकून धरायचे दांडे). दुकानातून आली तेव्हा पुढे ५२/३६, मागे ११-२८. पुण्यातल्या सपाट रस्त्यांवर आणि गोव्याच्या हाफ डिस्टन्स ट्रायथलॉनला या जोडणीने मला कधीच त्रास दिला नाही.

नीसचं गणित वेगळं आहे. ३.८ किलोमीटर पोहणं आणि ४२.२ किलोमीटर पळणं यांच्या मधल्या १८० किलोमीटरच्या सायकलिंगमध्ये साधारण २,४०० मीटर चढाई. त्यातला मुख्य चढ कोल द लेक्रचा, माथा १,१२० मीटरवर, आणि शर्यतीची सुरुवात समुद्रकिनाऱ्यावरून. २०२३ मध्ये पुरुषांची आणि २०२४ मध्ये महिलांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा याच शहरात झाली, त्यामुळे व्हिडिओ भरपूर मिळतात. पण त्यात दिसणारे लोक माझ्या दुप्पट वॉट काढतात. त्यांचे गिअर बघून आपले ठरवणं ही पहिली चूक, आणि ती मी केली होती.

दुसरी चूक सरासरी चढावर विसंबण्याची. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट आम्हा पुणेकरांना नीसच्या सरावासाठी सोयीचा. (पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. पहाटे तिथून जाताना मला हे दर वेळी आठवतं.) जेमतेम बारा किलोमीटरमध्ये पावणेसहाशे मीटर, म्हणजे सरासरी पाच टक्क्यांच्या आत. चार वेळा चढला की नीसची चढाई जवळपास भरते. मी कागदावर हिशोब मांडला: पाच टक्क्यांवर १३५ वॉट लावले तर वेग ताशी साडेअकरा किलोमीटर, आणि ३६/२८ वर (पुढे ३६, मागे २८ दाते) केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, ७१. ठीक आहे की! बदलायची गरजच काय?

मग ऑक्टोबरच्या एका रविवारी पसरणी तीनदा मारला. पहिल्या फेरीत हिशोब बरोबर निघाला. तिसऱ्या फेरीत १३५ चे ११५ वॉट झाले होते आणि केडन्स ६० च्या आसपास आला होता. वळणावर रस्ता आठ टक्क्यांवर गेला की तो ४५ च्या खाली जायचा. शेवटचा गिअर केव्हाच लागलेला, तरी बोटं सवयीने लिव्हर दाबत होती आणि मागे काहीच हलत नव्हतं. त्या रिकाम्या लिव्हरचा स्पर्श अजून लक्षात आहे. वर पोचून शूज बदलले आणि पाचगणीच्या टेबललँड पठाराच्या रस्त्याला पळायला लागले. दोन किलोमीटरमध्ये उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागली आणि मांड्या इतक्या भरून आल्या की पळणं थांबवावं लागलं. शर्यतीत त्यापुढे पूर्ण मॅरेथॉन होती.

घरी येऊन पुन्हा गणित केलं, या वेळी आठ टक्क्यांसाठी. १३५ वॉट लावून माझा वेग तिथे ताशी ७.८ किलोमीटर राहतो. ३६/२८ वर त्याचा केडन्स होतो ४८. ३४/३४ वर होतो ६१-६२. वॉट तेच, वेग तोच. पण १७० मिलिमीटरच्या क्रँकवर (पेडलचा दांडा) पेडलला लागणारा सरासरी जोर पहिल्या गिअरवर सुमारे १६ किलो आणि दुसऱ्यावर साडेबारा किलो. दर फेऱ्याला साडेतीन किलोचा फरक, तोही काही तास. हृदयाला दोन्ही सारखेच वाटतात, पॉवर मीटरलाही (वॉट मोजणारं यंत्र). मांडीच्या स्नायूला मात्र वाटत नाहीत, आणि नंतर पळायचं असतं ते त्याच मांडीवर.

ग्रुपमध्ये मी ३४ दाती कॅसेटचं नाव काढलं तर “ती काय एमटीबी (डोंगरातली सायकल) आहे का?” असं ऐकायला मिळालं. सिंहगड ३९/२५ वर मारल्याच्या गोष्टीही निघाल्या. मारला असेल. गडाच्या वरच्या वळणांना सायकलवरचा गार्मिन कॉम्प्युटर पंधरा टक्के दाखवतो आणि तिथे उभं राहून चढवणारे लोक मी पाहिले आहेत. पण गडावर पोचल्यावर ते झुणका-भाकरी खायला बसतात. ट्रायथलॉनमध्ये सायकल हा मधला भाग आहे, आणि त्याचे गिअर पुढच्या पळण्याचा विचार करूनच निवडायला हवेत. यावर माझं मत ठाम आहे.

आता खरेदी. माझ्या सायकलवर शिमानो १०५ आर७००० चा गिअरसंच होता. त्याची सोय अशी की क्रँक बदलावा लागत नाही. ११० मिलिमीटरच्या वर्तुळावरच्या त्याच चार बोल्टवर ५२/३६ च्या जागी ५०/३४ च्या चेनरिंग बसतात. डाव्या क्रँकवरचा पॉवर मीटर आहे तिथेच राहिला. मागे ११-३४ ची एचजी७०० कॅसेट. ती ११ स्पीडच्या रोड हबवर (चाकाचा मधला भाग) बसवताना आत १.८५ मिलिमीटरचा स्पेसर (पातळ कडं) लागतो. तो विसरला तर कॅसेट डुगडुगते.

इथे मला फटका बसला. ज्या दुकानातून कॅसेट घेतली तिथे त्यांनी ती माझ्या जुन्या डिरेलरवरच (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) बसवून दिली, चेनही जुनीच ठेवली. “चालतंय, काळजी करू नका.” स्टँडवर चालतही होतं. दुसऱ्या दिवशी पुण्याजवळच्या बोपदेव घाटाच्या पायथ्याशी पुढे मोठी आणि मागे मोठी असा गिअर चुकून पडला, आणि मागून हाड मोडल्यासारखा आवाज आला. मी पाय थांबवले म्हणून वाचले. चेन तारेसारखी ताणलेली, डिरेलर पुढे ओढला गेलेला आणि हँगर (डिरेलर टांगायचा तुकडा) आत वाकलेला. आणखी अर्धा फेरा मारला असता तर डिरेलर स्पोक्समध्ये गेला असता.

माझ्या नेहमीच्या मेकॅनिकदादांनी सायकल स्टँडला लावून मला जवळ बोलावलं आणि हाताने पेडल फिरवत दाखवलं. “ताई, हे बघा. वरचं जॉकी व्हील, हे डिरेलरमधलं छोटं चाक, कॅसेटला घासतंय. हा आखूड पिंजऱ्याचा डिरेलर आहे, याची हद्द ३० दातांची. ३४ ला लांब पिंजरा लागतो.” आर७००० मध्ये आखूड पिंजऱ्याला एसएस म्हणतात आणि लांब पिंजऱ्याला जीएस. जीएस ३४ दातांपर्यंत जातो आणि त्याची एकूण क्षमता ३९ दातांची. पुढचा फरक १६ आणि मागचा २३ मिळून बरोबर ३९, म्हणजे ५०/३४ आणि ११-३४ ही त्याची अगदी शेवटची मर्यादा. नवा जीएस, नवीन चेन, हँगर सरळ करणं, बी-स्क्रू (डिरेलर आणि कॅसेटमधलं अंतर ठरवणारा) लावणं, आणि मोठी चेनरिंग लहान झाली म्हणून पुढचा डिरेलर थोडा खाली घेणं, हे सगळं त्यांनी एका दुपारी केलं. चेनची लांबी त्यांनी मोठी-मोठीवर गुंडाळून मोजली. सगळा खर्च १८ हजारांच्या आसपास गेला. तुम्ही करणार असाल तर कॅसेट, डिरेलर आणि चेन हे एकच काम समजा. दोन हप्त्यांत करू नका.

पहिले तीन आठवडे मला हे गिअर आवडले नाहीत. पुढे ५० वरून ३४ वर उतरलं की पाय एकदम हवेत फिरल्यासारखे होतात. केडन्स जवळजवळ दीडपट होतो. त्याच वेळी मागे दोन-तीन दात्या (कॅसेटमधली चक्रं) जड करायची सवय लागेपर्यंत प्रत्येक चढाच्या तोंडाशी लय तुटत होती. दोनदा चेन आतल्या बाजूला पडली, दोन्ही वेळा मी जोर लावत असताना गिअर टाकला म्हणून. लिमिट स्क्रू (चेन किती आत जाईल ते ठरवणारा) जरा घट्ट केला, चढ दिसताच, पायावर जोर यायच्या आधी पुढचा गिअर टाकायला शिकले, आणि नंतर ते कधी झालं नाही.

जानेवारीत पुन्हा पसरणी, आता चार वेळा. बहुतेक वेळ ३४/३० वर, केडन्स ८० च्या जवळ. ३४ ची दाती मी पहिल्या दोन फेऱ्यांत वापरलीच नाही. तिसऱ्या फेरीत वळणांवर वापरली. चौथ्या फेरीत जवळपास अर्धा घाट तिच्यावरच होते, आणि तरी केडन्स ६० च्या खाली फारसा गेला नाही. त्यानंतर पाचगणीत आठ किलोमीटर पळाले. जोरात नाही पळाले, पण पळाले, आणि गुडघा गप्प होता. त्या संध्याकाळी माझ्यापुरता प्रश्न मिटला. ताज्या पायांनी शेवटची दाती लागत असेल तर गिअर कमी पडणार आहेत. ती रिकामी राहिली पाहिजे, थकल्यावर वापरायला.

उतारावर ५०/११ कमी पडेल अशी भीती बऱ्याच जणांना असते. ९० केडन्सला तो ताशी जवळजवळ ५२ किलोमीटर देतो, ५३/११ देतो ५५. हा तीन किलोमीटरचा फरक मला एकदाही जाणवला नाही. ताशी पन्नासच्या वर मी पेडल मारतच नाही, अंग आखडून बसते. नीसचे उतार वळणावळणांचे आहेत, तिथे वेळ ब्रेकवर आणि वळणातली योग्य रेषा धरण्यावर जातो.

खरी किंमत मोजावी लागते ती दातींमधल्या अंतराची. ११-३४ मध्ये ११, १३, १५, १७ असे टप्पे आहेत, १२ आणि १४ नाहीत. पाठीवर वारा असताना ताशी ३६ च्या वेगाला १५ च्या दातीवर केडन्स ८५ पडतो आणि १३ वर एकदम ७४. मला ८० हवा असतो. सोलापूर रस्त्यावरच्या लांब सपाट राइडला याची चीड येते. माझ्या नेहमीच्या ३२ च्या वेगाला मात्र १५ आणि १७ मधलीच निवड असते, आणि तेवढंच अंतर जुन्या ११-२८ मध्येही होतं. त्यामुळे वेगवान लोकांना हा तोटा माझ्यापेक्षा जास्त वाटेल. ११-३२ मध्ये १४, १६, १८ अशा दात्या आहेत, आणि आठ टक्क्यांवर केडन्स माझ्या ६१ ऐवजी ५८ राहतो. चढउतारांची, पण एवढा लांब घाट नसलेली शर्यत असेल तर मी ११-३२ घेईन.

वजन जुन्या कॅसेटपेक्षा शंभरेक ग्रॅम जास्त आहे. मला ते कळलं नाही. चेन ३,८०० किलोमीटरला मापकावर अर्धा टक्का ताणलेली दिसली तेव्हा बदलली. कॅसेट अजून चांगली आहे.

शर्यतीबद्दल गिअरपुरतंच लिहिते. पोहून बाहेर आले तेव्हा उत्साह होता आणि पहिल्या लहान चढांवर बरेच जण जड गिअरवर उभे राहून पुढे गेले. मी पॉवर मीटरवर १३५ ची रेघ धरून बसून राहिले. कोल द लेक्रचा चढ सुरू झाला, ऊन चढलं, कड्याला चिकटलेली दगडी गावं एकेक करून मागे पडली. रस्ता पसरणीपेक्षा गुळगुळीत, वळणं तशीच. ३४/२७ आणि ३४/३० मध्ये खेळत होते. माथ्याच्या अलीकडे समोरून वारा आला, तेव्हा लिव्हर पुन्हा दाबला आणि या वेळी मागे चेन सरकल्याचा आवाज आला. ३४/३४. केडन्स ७१. मला तिथे खरोखर रडू आलं.

सायकल सात तास बावन्न मिनिटांत संपली. पळताना प्रोमनाद या समुद्रकाठच्या रस्त्यावर पाय जड होते, पण गुडघा दुखला नाही आणि पाण्याच्या टेबलांशिवाय मी कुठे चालले नाही.

आता गोव्याच्या हाफ डिस्टन्ससाठी मागे पुन्हा ११-२८ चढवली आहे, पुढे ५०/३४ तशीच. लांब पिंजरा २८ लाही चालतो, चेन कापावी लागली नाही, अर्ध्या तासाचं काम. ३४ ची कॅसेट घासून, तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आहे. डिसेंबरात पसरणीला जाताना ती पुन्हा चढेल.