क्लाउडफ्लेअर ईमेल राउटिंग: येणारा मेल फुकटात, जाणाऱ्याचं मात्र तुमचं तुम्ही बघा

ओपन सोर्स प्रकल्पाच्या डोमेनवर ‘सिक्युरिटी’, ‘कॉन्टॅक्ट’, ‘कंडक्ट’ असे चार-पाच अलायस (स्वतःचा मेलबॉक्स नसलेले, मेल दुसरीकडे वळवणारे पत्ते) लागतातच, आणि प्रत्येकासाठी मेलबॉक्स विकत घेणं कुणालाच परवडत नाही. डोमेनचा डीएनएस (डोमेनची वेबसाइट आणि मेल कुठल्या सर्व्हरवर, हे सांगणारी नोंदवही) आधीच क्लाउडफ्लेअरवर असेल, तर त्यांचं ईमेल राउटिंग, म्हणजे डोमेनवर आलेला मेल तुमच्या नेहमीच्या पत्त्यावर पुढे पाठवणारी सेवा, हा सगळ्यात कमी खटपटीचा मार्ग. नसेल, तर एवढ्यासाठी नेमसर्व्हर (ही नोंदवही ठेवणारे सर्व्हर) हलवायचे का, याचा आधी विचार करा.

राउटिंग चालू केलं की तीन एमएक्स नोंदी (डोमेनचा मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या) आणि एसपीएफची (डोमेनच्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवावा ते सांगणारी) टीएक्सटी नोंद आपोआप पडते. डोमेनवर दुसऱ्या कुणाचे मेलबॉक्स असतील तर त्यांच्या एमएक्स नोंदी काढाव्या लागतात, म्हणजे तिथे येणारा मेल बंद. अर्धं इथे, अर्धं तिथे जमत नाही. एसपीएफची जुनी नोंद असेल तर दोन्ही हातानेच एकत्र करा. एका डोमेनवर दोन एसपीएफ नोंदी राहिल्या की तपासणी थेट चुकीची ठरते.

ज्या पत्त्यावर मेल पुढे पाठवायचा, तिथे पडताळणीची लिंक जाते. ती दाबेपर्यंत नियम निष्क्रिय. नवा मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) जोडल्यावर ‘मला काही येत नाही’ अशी तक्रार आली, तर पहिल्यांदा त्याचा स्पॅम फोल्डर बघायला सांगा. २०० नियम आणि २०० पत्ते ही मर्यादा कुठल्याही लहान प्रकल्पाला भरपूर आहे.

खरी अडचण वेगळीच आहे: एका अलायसला एकच पत्ता. ‘सिक्युरिटी’वरचा मेल एकाच माणसाकडे जाणं धोक्याचं, कारण तो सुट्टीवर गेला की त्रुटीचा अहवाल तसाच पडून राहतो. यावर उपाय म्हणजे ईमेल वर्कर, म्हणजे मेल आला की क्लाउडफ्लेअरवर चालणारा तुमचा छोटा कोड. दहा-बारा ओळींच्या जावास्क्रिप्टमध्ये प्रत्येक पडताळलेल्या पत्त्यासाठी फॉरवर्डची ओळ लिहायची. प्रत्येक ओळ ट्राय-कॅचमध्ये (चूक झेलून कोड पुढे चालू ठेवणाऱ्या रचनेत) ठेवा, नाहीतर पहिल्या पत्त्यावर चूक झाली की पुढच्यांना काहीच मिळत नाही. कोड नको असेल तर अलायस गूगल ग्रुपकडे वळवा, पण ग्रुपमध्ये बाहेरच्यांना लिहिण्याची परवानगी आधी द्या; नाहीतर पडताळणीचा मेलसुद्धा आत येणार नाही.

कॅच-ऑल (डोमेनवरच्या न बनवलेल्या पत्त्यांचाही मेल उचलणारा नियम) बंदच बरा. सगळा कचरा तुमच्या जीमेलमध्ये येऊन पडतो, दुसरं काही नाही.

चाचणी घेताना, अलायस ज्या जीमेलकडे वळवलाय त्याच खात्यातून मेल पाठवू नका. जीमेल तो स्वतःचाच मेल समजून इनबॉक्समध्ये दाखवत नाही आणि तुम्ही उगाच डीएनएस उकरत बसता.

उत्तर पाठवणं हा कमकुवत भाग. राउटिंग फक्त येणारा मेल हाताळतं. जीमेलच्या ‘सेंड मेल ॲज’मध्ये ॲप पासवर्ड (गूगल खात्यातून काढलेला वेगळा पासवर्ड) वापरून प्रकल्पाचा पत्ता घालता येतो, पण डीकेआयएमची सही (मेल कुठल्या डोमेनचा याची डिजिटल खूण) जीमेलची असते. डोमेनचं डीमार्क धोरण (पाठवणाऱ्याची तपासणी चुकलेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारं) ‘रिजेक्ट’ असेल तर ती उत्तरं समोरच्याकडे नाकारली जातात. तुमच्या डोमेनची सही करणारी वेगळी एसएमटीपी (मेल पाठवणारी) सेवा घ्यावीच लागते.

प्रकल्पाचा स्वतःचा पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) सर्व्हर असेल तर अलायसचं हे वळवणं त्याच्या व्हर्च्युअल फाइलमधल्या (अलायसांच्या यादीतल्या) एका ओळीत होतं, कितीही पत्ते स्वल्पविरामाने लिहा. फक्त एसआरएस (पुढे पाठवलेला मेल एसपीएफ तपासणीत अडकू नये म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता बदलणं) आणि तुमच्या सर्व्हरच्या आयपी पत्त्याची पत सांभाळणं मग तुमच्या गळ्यात.

आणि रजिस्ट्रारच्या (डोमेन जिथे विकत घेतलं त्या कंपनीच्या) खात्याला याच डोमेनवरचा अलायस कधीही देऊ नका. डोमेनची मुदत संपली की नूतनीकरणाचा मेल त्याच बंद पडलेल्या पत्त्यावर जातो.