एएची मीटिंग, केंद्राचा पाठपुरावा की मोबाइलवरची सभा?

माझ्या धाकट्या भावाने दारू सोडायचं ठरवलं तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला आणि दुसऱ्याच मिनिटाला प्रश्न पडला, जायचं कुठे? दारू सोडणाऱ्यांच्या एए या गटाची मीटिंग, व्यसनमुक्ती केंद्राचा उपचारानंतरचा पाठपुरावा आणि मोबाइलवरची ऑनलाइन सभा, या तिन्ही वाटा आम्ही थोड्याथोड्या चालून पाहिल्या. तुमच्याही घरात आज हाच प्रश्न असेल, म्हणून लिहिते आहे.

त्याआधी एक गोष्ट. माणूस रोज, वर्षानुवर्षं पीत असेल, तर एका रात्रीत दारू बंद करून त्याला थेट मीटिंगला नेऊ नका. हात थरथरणं, भास होणं, फिट येणं, यातून जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग मीटिंग.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे सगळे म्हणतात ती एए, १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सुरू झाली. एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत राहिले आणि पिण्यावाचून दिवस काढू लागले. आजही मीटिंगमध्ये हेच चालतं. फी नाही, अर्ज नाही, समुपदेशकही नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. आम्ही पहिल्यांदा गेलो ती खुली सभा होती, म्हणून मला आत बसता आलं. बंद सभेला फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांनाच जाता येतं. शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, गुडघे वर येतील असे. एकेक जण उठून आपलं पहिलं नाव सांगायचा, "मी मद्यपी आहे" म्हणायचा आणि आपली गोष्ट सांगायचा. मधे कुणी तोंड घालत नव्हतं, सल्ला देत नव्हतं. शेवटी कापडी थैली फिरली. ज्याने त्याने आपल्या मनाने दहा-वीस रुपये टाकले. नवीन माणसाने नाही टाकले तरी चालतं, हे शेजारच्या काकांनी भावाच्या कानात सांगितलं. मग चहा. भाऊ त्या चहापाशी पाऊण तास उभा होता. घरी आम्ही दोन वर्षं त्याच्याशी बोललो होतो, पण त्याच्याच भाषेत कुणी बोललं ते त्या दिवशी.

अडचणीही आहेत. दारूपासून दूर राहण्यासाठी एए सांगते त्या बारा पायऱ्यांमध्ये परमेश्वराचा उल्लेख येतो. तो ज्याला जसा उमजेल तसा, असं म्हटलेलं असलं तरी देव न मानणाऱ्याला सुरुवातीला ते टोचतं. बऱ्याच ठिकाणी खोलीभर पुरुषच असतात. बाईला एकटीने आत जायला खूप धीर लागतो. त्यामुळे फोन करतानाच बायकांची वेगळी सभा आहे का, हे विचारावं. शिवाय इथे हजेरीपट नाही. तुम्ही स्वतःहून कुणा जुन्या सदस्याला आपला स्पॉन्सर, म्हणजे सोबत करणारा, व्हायला सांगितलं नाही, तर चार आठवडे न गेल्याचं कुणाला कळेलच असं नाही.

केंद्राचा पाठपुरावा नेमका इथे उपयोगी पडतो. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभं केलं. वांद्र्याची कृपा फाउंडेशन त्याच्याही आधीपासून, १९८१पासून काम करते. अशा ठिकाणी राहून उपचार घेतलेल्यांना समुपदेशक ओळखतो. कधी घसरला होता, घरात कशावरून भांडण होतं, हे त्याला माहीत असतं, आणि तो घरच्यांनाही बोलावतो. पण बहुतेकांना केंद्र लांब पडतं. दर महिन्याला प्रवास, रजा, खर्च. आणि दारूची तलफ काही महिन्यातून एकदा येत नाही.

ऑनलाइन सभेबद्दल माझं मत थोडं कडक आहे. आखातात नोकरी करणाऱ्याला, किंवा ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात तिथल्या माणसाला ती खरोखर आधार आहे. पण कॅमेरा बंद असला की श्वासाचा वास कुणाला येत नाही. भावाने एकदा ग्लास शेजारी ठेवून सभा ऐकली होती. त्यानेच नंतर सांगितलं. आजारी असताना, प्रवासात ती जरूर धरावी. सुरुवातीचे महिने तिच्यावर काढू नयेत, असं मला वाटतं.

मग निवड कशी करायची? नाव मोठं कुणाचं, हे बघू नका. तुमचा माणूस साधारण कधी पितो ते बघा. भावाची वेळ संध्याकाळी सातची, कामावरून सुटलं की वाटेतला बार. त्या वेळेत, त्या रस्त्यावर, चालत गाठता येईल अशी सभा आम्ही शोधली. ती एएची निघाली. केंद्रातून आलेल्याने तर दोन्ही धरावं. आठवड्याची एए आणि महिन्याचा पाठपुरावा एकमेकांच्या आड येत नाहीत.

पत्ता मिळवायला १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत क्रमांक आहे. फोनवर तीन गोष्टी विचारा: सभा खुली की बंद, बोलणं मराठीत होतं की हिंदी-इंग्रजीत, आणि त्या जागी ती सध्या खरंच भरते का. जुन्या यादीवर विसंबून आम्ही एकदा कुलूप लावलेल्या दारासमोर उभे होतो. तिथून परत येताना भाऊ गप्प होता आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, १९५१पासूनची. मुक्तांगणात पत्नींसाठी सहचरी गट आहे. माझी वहिनी आधी नको म्हणायची, "दारू तो पितो, मी कशाला जाऊ?" आता मंगळवारी भाऊ त्याच्या सभेला निघतो आणि ती तिच्या. डबा दोघांचा दुपारीच करून ठेवलेला असतो.