जुन्या गाडीची चासी: स्वतः बघावी की लिफ्टवर चढवावी?

अपघातात चासी, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, वाकलीय का हे स्वतः बघायचं तर दिवसाउजेडी, गाडी कोरडी असताना. बॉनेट उघडून फेंडरचे, म्हणजे पुढच्या चाकांवरच्या पत्र्याचे, बोल्ट निरखा. डोक्यावरचा रंग उडाला असेल तर पाना लागलाय. दरवाजांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या हव्यात. डिकीतली मॅट उचला, स्टेपनीच्या खड्ड्यातला पत्रा सुरकुतलाय का पाहा. अर्थात, बोल्ट उघडला म्हणजे चासी वाकलीच असं नाही. फेंडर किरकोळ धक्क्यानंतरही बदलतात. तो निकाल लिफ्टवरच लागतो. खालून रेलवरच्या (चासीच्या लांब पट्ट्यांवरच्या) घड्या, नवं वेल्डिंग, संशय यावा इतका ताजा अंडरकोट (गाडीच्या तळाचा संरक्षक लेप) दिसतो, शिवाय चासीच्या दोन्ही कर्णांची, म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतची, मापं घेऊन ताडता येतात. माझ्या मते स्वतःची पाहणी गाडी नाकारायला पुरते, घ्यायला नाही. विकणारा लिफ्टवर चढवू देत नसेल, तर सरळ दुसरी गाडी बघा.